मेढीचा खांब

वाटीत हळद होती, हळदीत तेल होतं, आणि ती वाटी घेऊन वंदना ज्या खांबाकडे निघाली होती तो खांब तिच्या नवऱ्याने, म्हणजे सोमेश्वरने, मागच्या दिवाळीआधी दुरुस्त केला होता. एवढंच झालं. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारलं असतं, आणि पहिल्या क्षणी सोमेश्वरनेही स्वतःला तेच विचारलं. धाकट्या मेव्हणीचं लग्न होतं. नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, अण्णासाहेबांच्या मंगल कार्यालयात. सासरची माणसं कुंभार पिंपळगावहून गाड्या भरभरून आली होती, आणि जावई म्हणून सोमेश्वरला थंड बाटली हातात देऊन खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, जावयाला जसं बसवतात तसं, शोभेला. वैशाखातलं ऊन दारातून थेट आत येत होतं. वंदनेबरोबर आणखी चार सवाष्णी होत्या. त्या पाचजणींनी दारासमोरच्या खांबाला आंब्याचा डहाळा बांधला आणि तेलात कालवलेली हळद घेऊन एकेकीने आडवं बोट ओढलं, एकाखाली एक. क्रीम रंगावर पाच पिवळ्या रेघा. सोमेश्वरने आपलं सहज विचारलं, "इथं कशाला लावून राह्यल्या?" बायांच्या आधी अण्णासाहेबच बोलले. कार्यालय त्यांचं, त्यामुळे तिथल्या प्रत्येक विटेबद्दल बोलायचा हक्कही त्यांचाच. "मेढीचा खांब हाये हा, जावईबापू. खाली समदी फरशी. मांडवाची मेढ रोवायची कुठं? माझ्या वडलांनी कार्यालय बांधलं तवापासून ह्याच खांबाला तेल-हळद लागते. एक लग्न सुटलं न्हाई. तुम्ही पट्ट्या मारल्या, रंग दिला, तरी बायांनी खांब बराबर हुडकला बघा!" सगळे हसले. सोमेश्वरही हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हसतोय पण आपलं तोंड पार कोरडं पडलंय.

त्याने बाटली खुर्चीखाली ठेवली. वडलांनी कार्यालय बांधलं तेव्हापासून, म्हणजे किती लग्नं, किती वाट्या, किती तेल? काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण ते पिणारं असतं. त्याच्या अंगाला बारीक बारीक तोंडं असतात आणि जे द्याल ते ते मुकाट्याने पीत राहतं. सोमेश्वरचा धंदा जुन्या इमारती सावरण्याचा. कार्बनच्या धाग्यांची काळी, कापडासारखी पट्टी घ्यायची, खास गोंद कालवायचा, आणि दमलेल्या खांबाला ती चिकटवायची. ही पट्टी ओढून तोडायला बैल लावले तरी तुटणार नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त पट्टीची सगळी ताकद तिच्या चिकटण्यात असते, हे तो जरा हळू सांगायचा. इथे हॉलच्या आत गॅलरी लोंबत होती आणि तिचं वजन खांबाच्या एकाच अंगाला येत होतं. एका कडेवर घागर घेतलेली बाई दुसऱ्या अंगाला ताणली जाते, तसा खांब दाराच्या अंगाला ताणला जात होता. म्हणून पट्ट्या दाराच्याच अंगाला, वरपासून खालपर्यंत. आणि हळदही त्याच अंगाला, कारण येणाऱ्या पाहुण्यांना आधी तेच अंग दिसतं. चिकटवण्याआधी खांब घासला होता ना? घासला होता. तो स्वतः तिथे उभा होता. यंत्र लावल्याबरोबर पिवळी भुकटी उडाली होती, खूप, पापण्यांवर बसण्याइतकी, आणि जुना पिवळा डिस्टेंपर असेल म्हणून त्याने रुमालाने तोंड पुसलं होतं. त्या रुमालाला वास येत होता. कसला? आता, या खुर्चीत बसून, त्याला तो वास आठवला आणि ओळखूही आला. लग्नघराचा वास होता तो. चिकटलेली पट्टी ओढून पाहायची परीक्षाही त्याने केली होती, पण मागच्या खांबावर, कारण पुढच्या खांबाला परांची बांधलेली होती आणि अण्णासाहेबांना पुढच्याच आठवड्यात कार्यालय मोकळं हवं होतं. मागच्या खांबाला कुणी कधी हळद लावली नव्हती.

भीती आली, आणि आल्याबरोबर तिने जुन्या ओळखी काढल्या. कॉलेजात असताना सोमेश्वरने याच गोष्टीवर दोन वर्षं घालवली होती: दोन वस्तू जिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात तिथे तडा कसा वागतो. एका वस्तूतला तडा बिचारा असतो, तो अडखळतो, वळतो, फाटे फोडतो, दमतो. पण दोन वस्तूंच्या मधल्या कच्च्या जागेत शिरलेल्या तड्याला इकडे-तिकडे जायला वावच नसतो. दोन्ही बाजूंनी दाबून धरलेला तो मग सरळ पळतो. त्यातही हळूहळू ताण दिला तर तो कुरकुरतो, वेळ देतो, सावध करतो. दणका दिला की मात्र कॅमेऱ्यालाही सापडत नाही. प्रयोगशाळेत सोमेश्वर नमुन्यावर वजन सोडायचा आणि सेकंदाचे लाखभर तुकडे करणारा कॅमेरा पुढे लावायचा. एका चित्रात नमुना अखंड असायचा, पुढच्या चित्रात दोन. मधलं चित्र नसायचंच. त्याचे सर त्या दोन चित्रांकडे बघत म्हणायचे, "बघ, मरण या दोघांच्या मधे झालं आणि आपण नेमके तेव्हा नव्हतो." तेव्हा सगळे हसायचे. सरांचं बोलणंच तसं होतं. त्याही आधीची, तीर्थपुरीच्या शेतातली भीती त्याला आठवली. उन्हाळ्यात काळी जमीन फाटायची, हात जाईल एवढ्या भेगा, आणि लहानपणी तो त्यांत काठी घालायचा. काठी आत जायची, तळ लागायचा नाही, आणि तो काठी तिथेच टाकून घराकडे पळत सुटायचा. आई हसायची. भेगेला काय भ्यायचं, पाऊस पडला की मिटते, म्हणायची. आईचं खरं होतं. पण ती जमिनीची भेग होती.

तो उठला. जावई उठला की दहाजण विचारतात, म्हणून हात धुवायला निघाल्यासारखा उठला, आणि खांबापाशी जाऊन बोटातल्या अंगठीने त्यावर हलकेच वाजवलं. वर, डोक्याच्या उंचीला, टणटण आवाज आला, भरीव. छातीशीही तोच. हळदीच्या रेघांपाशी आवाज बदलला. भद्द. पोकळ कलिंगडासारखा. त्याने परत वाजवलं, जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर खांब वेगळं उत्तर देणार होता. भद्द. मग तो खाली वाकला. पट्टीच्या खालच्या टोकाला, सर्वांत खालच्या हळदीच्या बोटाच्या जरा खाली, रंग फुटून केसाएवढी रेघ दिसत होती, पट्टीच्या कडेने सरळ वर निघालेली. कुठेही वाकडी नाही. ही रेघ रंगाची असू शकते, त्याने स्वतःला समजावलं. उन्हाने रंग फुटतो. जालन्यात कुणाच्या भिंतीचा रंग फुटत नाही? हा गोंद उन्हाने नरम पडतो हे मात्र त्याला आठवायचं नव्हतं, आणि तेच आठवलं.

अण्णासाहेब दारात पाहुण्यांना रामराम घालत उभे होते. सोमेश्वर त्यांच्याकडे गेला. वाक्य तयार होतं: गॅलरी रिकामी करा, खांबाची पट्टी सुटतेय. चार शब्दांचं काम. पण तोंड उघडायच्या आधीच त्याला पुढचं सगळं दिसलं. वाजंत्री थांबलेली, बाया पदर तोंडाला लावून उभ्या, सासरे बद्रीनाथमामा टोपी हातात घेऊन वरपित्यापुढे. लग्नाच्या दिवशी कार्यालय पडणार म्हणणारा जावई. आणि नाही पडलं तर? आणि पडलं तर मग ते कुणी पाडलं? "अण्णासाहेब," तो म्हणाला, "वरची गर्दी जरा कमी केली तर…" "का हो?" "न्हाई, म्हणजे… गरमी फार हाये." "पंखे हायेत की वर!" अण्णासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही कायले टेन्शन घेता? तुमचं काम मस्त बसायचं." आणि सोमेश्वर खरोखरच परत येऊन खांबाजवळच्या आपल्या खुर्चीत बसला. माणूस किती घाबरला म्हणजे गप्प बसतो आणि किती घाबरला म्हणजे ओरडतो, याचं काही गणित असतं की नाही कोण जाणे. सोमेश्वर मधल्याच कुठल्याशा ठिकाणी अडकला होता.

तेवढ्यात नवरदेवाचा परण्या, म्हणजे मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत गेलेली मिरवणूक, परतला. रस्त्यावर पोलिसांनी डीजे बंद करायला लावला होता, त्यामुळे वऱ्हाडातल्या पोरांची हौस अर्धवट राहिली होती. हॉलमध्ये खुर्च्याच खुर्च्या. नाचायला जागा नाही. कुणीतरी वर बोट दाखवलं, आणि बघता बघता काळे मोठाले स्पीकर जिन्यावरून गॅलरीत चढले, त्यांच्यामागे पोरं चढली. पहिला ठोका पडला तसा सोमेश्वरच्या खुर्चीचा पाय फरशीवर थरथरला. दुसरा पडला. पोरं एका तालात उड्या मारत होती, सगळ्यांचे पाय एकदम वर, एकदम खाली, आणि सोमेश्वरच्या डोक्यात प्रयोगशाळेतलं वजन सुटत होतं, परत उचललं जात होतं, परत सुटत होतं. खांबाकडे बघायचं नाही असं ठरवून तो खांबाकडेच बघत होता. केसाएवढी रेघ खालच्या हळदीच्या बोटापर्यंत आली होती. गाणं बदललं. त्याने डोळे मिटले, उघडले. रेघ ते बोट ओलांडून वर गेली होती. आता हे डोळ्यांचे खेळ असतील, असं म्हणायची सोय राहिली नाही, कारण पिवळ्यावर ती काळी अगदी स्वच्छ दिसत होती. आणखी थोड्या वेळाने दुसरं बोट. मग रेघ थांबली. ती थांबली याचंच त्याला सर्वांत भय वाटलं. तडा थांबतो तेव्हा तो दमलेला नसतो, हे त्याच्याशिवाय त्या हॉलमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. शेकडो माणसं पत्रावळीवरच्या पदार्थांच्या, मानपानाच्या, उन्हाच्या गप्पा मारत होती, आणि तो एकटाच त्या खांबाबरोबर जागा होता.

मग तो जिना चढू लागला. का चढतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही. पायांना माहीत होतं. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर कठडा तळव्यात गुणगुणत होता. वर गॅलरीत घामाचा, अत्तराचा, गजऱ्यांचा वास. पुढच्या बाजूला पोरं उड्या मारत होती, भिंतीकडेला बायका खुर्च्यांवर बसून कानांवर हात ठेवून हसत होत्या. टोकाला तुळशीची कुंडी होती आणि तिच्याशी सासूबाई, दुर्गाबाई, तांब्या घेऊन बसल्या होत्या. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईने बघू नये, तेवढा वेळ तुळशीला पाणी घालावं, म्हणून त्या आधीच गुडघे धरत धरत वर येऊन बसल्या होत्या. त्यांनी जावयाला पाहिलं आणि पदर सावरला. "या की, जावई. घाम किती आला तुमाले! पाणी घेता का?" सोमेश्वर म्हणाला, "न्हाई मामी, नको." त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली. आकांक्षा, त्याची नऊ वर्षांची मुलगी, पोरांच्या मागे एकटीच गिरक्या घेत होती. घागऱ्याचा घेर बघत, जीभ जराशी बाहेर काढून. त्याने तिचं मनगट धरलं. "चल." "कुठं?" "चल म्हणतो ना." पायाखाली फरशी श्वास घेतल्यासारखी वर येत होती, खाली जात होती. तो दुर्गाबाईंच्या पुढूनच परत गेला. त्या काहीतरी हसून म्हणाल्या, ते त्याला ऐकू आलं नाही. जिना, खुर्च्या, खांब, दार. खांबाशी तो थांबला नाही. बाहेर लिंबाच्या सावलीत चपला-बुटांच्या ढिगापलीकडे जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या छातीत पहिल्यांदा हवा शिरली. उन्हाची, धुळीची, साधी हवा. वाचलो. हा शब्द त्याच्या मनात पूर्ण उमटला, आणि उमटल्यावर त्याला त्याची लाजही वाटली नाही. लाज नंतर आली, आणि तीही एकटी आली नाही.

वंदना त्यांच्यामागे आली होती. हातात करवलीचा कलश, कपाळावर हळद, चेहऱ्यावर राग. "अहो, तिला कशाला आणलं उन्हात? आत्ता अंतरपाट धरतील." सोमेश्वर बोलला. इतका वेळ जे शब्द अण्णासाहेबांपुढे निघाले नव्हते ते बायकोपुढे एका दमात निघाले. "तो खांब. हळदीचा. पट्टी सुटून राह्यली. तेलावर चिकटलीच नव्हती. वर जे नाचून राह्यले ना, त्या दणक्याने… गॅलरी खाली येईल." वंदनेने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मुठीतल्या आकांक्षाच्या मनगटाकडे. मग परत त्याच्याकडे. ती शिकलेली बाई होती, शाळेत गणित शिकवायची. एखादं उदाहरण सुटतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते ती रोज बघत होती. आत्ता ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "तुम्ही वर गेल्ते," ती म्हणाली. "हो." "माय भेटली?" सोमेश्वरने मान हलवली, हो अशी. डीजेचा ठोका बाहेरसुद्धा पोटात लागत होता. वंदनेने कलश जमिनीवर ठेवला, तो कलंडला, आणि ती पळत आत गेली, लग्नातल्या बाईने पळू नये तशी, साडीचा घोळ दोन्ही हातांनी वर धरून.

त्यालाही जायचं होतं. त्याने पायांना सांगितलं. पाय गेले नाहीत. लिंबाखालून त्याला दाराच्या चौकटीत तेवढाच हॉल दिसत होता: खांब, आंब्याचा डहाळा, पाच पिवळ्या रेघा, आणि त्या खांबाला अगदी लागून जिन्याकडे जाणारी त्याची बायको. मग तिचा आवाज आला, वर्गावर ओरडायचा आवाज, पण त्यात हसू भरलेलं. "पंगत लागली हो! श्रीखंड संपून राह्यलं! वरचे समदे आधी, जल्दी खाली या! डीजेवाले भाऊ, बंद करा, जेवा!" खरं सांगून जे झालं नसतं ते श्रीखंडाने झालं. खरं सांगितलं असतं तर सगळे एकदम जिन्यावर कोसळले असते. पंगतीला माणसं घाई करतात पण धक्काबुक्की करत नाहीत, मान राखून उतरतात. संगीत थांबलं. पावलं उतरू लागली. ती पावलंही दणकेच होती, आणि प्रत्येक पावलागणिक सोमेश्वर मुठीतलं मनगट आवळत होता. पोरं उतरली, बायका उतरल्या, कडेवरची लेकरं उतरली. एक बाई परत वर गेली, पर्स राहिली म्हणून. ती आली. पुष्कळ वेळ कुणीच आलं नाही. मग जिन्याच्या वळणावर वंदना दिसली, आणि तिच्या खांद्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तांब्या न सोडता, दुर्गाबाई.

अण्णासाहेब संतापले होते. "पंगत कुणी लावली? लग्न लागायचंय अजून!" "मी म्हणले," वंदना म्हणाली. सगळा हॉल ऐकत होता. "वर कुणाला जाऊ देऊ नका. मेढीच्या खांबाची पट्टी सुटली. पाहा." अण्णासाहेब हसायला गेले, पण खांबाशी वाकले तेव्हा हसू राहिलं नाही. त्यांनी रेघेत नख घातलं. नखाबरोबर पट्टी सुटली, ओल्या भिंतीवरचा कागद सुटावा इतकी हलकी, आणि पाचही रेघांच्या वरपर्यंत सुटत गेली. तिच्या पाठीवर आणि खांबाच्या अंगावर सारखाच तेलकट पिवळा डाग होता. वर कुठेतरी प्लास्टरचा तुकडा निघून रिकाम्या खुर्चीवर पडला. "तुमाले कसं कळलं, ताई?" अण्णासाहेबांचा आवाज चिरकला होता. वंदनेने दाराबाहेर बोट केलं. "यांनी वळखलं. यांनीच सांगितलं," ती म्हणाली, आणि आईला खुर्ची शोधायला वळली.

मग माणसं बाहेर आली. लिंबाखाली सोमेश्वरभोवती जमली. बद्रीनाथमामांनी त्याचा खांदा धरला. वरपिता म्हणाला की असा जावई नशिबाने मिळतो, लग्न इथेच सावलीत लावू, त्यात काय. अण्णासाहेबांनी तर हातच जोडले; पट्ट्या कुणी लावल्या होत्या हे त्या क्षणी त्यांना आठवलं नाही, किंवा आठवूनही त्यांनी ते आज बोलायचं नाही असं ठरवलं. दुर्गाबाई हळूहळू पुढे आल्या, त्यांनी जावयाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकड आवाज झाला आणि सोमेश्वर भयंकर दचकला. "तुमच्यामुळं वाचले बाप्पा समदे. तवाच मी म्हणलं, जावई वर आल्ते ते उगं न्हाई. आमालेच बघायले आल्ते." सोमेश्वरने वंदनेकडे पाहिलं. ती गर्दीच्या पलीकडे कलंडलेला कलश उचलून पदराने पुसत होती. तिने वर पाहिलं असतं तर तो काहीतरी बोलला असता, निदान त्याला तसं वाटलं. ती कलश पुसतच राहिली, सावकाश, आतूनही. खांबाची भीती केव्हाच गेली होती. तिच्या जागी आता जी होती तिला आवाज नव्हता, आणि ती घरापर्यंत येणार होती, आणि घरात राहणार होती.

"हो, मामी," सोमेश्वर म्हणाला.

"बाबा," आकांक्षा म्हणाली, "हात सोडा ना. दुखून राह्यला."